परदेशाची रंगीत तालीम

आईने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि बाहेरच्या खोलीतल्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. बाहेर वाजलेली रिंग तिला दारातूनही ऐकू आली.

"उचल गं, आईचा फोन," नणंदेचा आवाज.

आईला परदेशातल्या प्रयोगशाळेत तीन वर्षं काम करायचं होतं. पुढच्या महिन्यात निघायचं. नवऱ्याची नोकरी फिरतीची, म्हणून लेक आत्याजवळ राहणार होती. तिला हळूहळू सवय लावू, असं आईनेच ठरवलं. काचेचं भांडं एकदम तापवलं की तडकतं. आच बेताबेताने वाढवायची, हे तिचं रोजचं काम. तेव्हापासून संध्याकाळी आतली खोली म्हणजे परदेश. कॉल संपेपर्यंत दार उघडायचं नाही.

सुरुवातीला लेक दारावर धडका द्यायची. "आई, तू इथेच आहेस! मला माहितेय!" आत्या तिला उचलून न्यायची. आई पलंगाच्या कडेवर बसून फोनकडे बघत हसत राहायची. हसून हसून गाल दुखायचे, तेवढंच.

परवापासून धडका थांबल्या होत्या.

"काय वहिनी, ना तिकीट, ना व्हिसा. मजा आहे बुवा!" नणंद पडद्यात डोकावली. "जेवायला तरी मायदेशी येणार ना?"

"येते. तुम्ही व्हा पुढे."

नणंद स्वयंपाकघरात गेली. पडद्यावर आता नुसती लेक होती, नाक कॅमेऱ्याला टेकवून.

"आई, तिकडे पंखा आहे?"

आईने वर पाहिलं. "आहे."

"आपल्यासारखाच?"

"आपल्यासारखाच."

"थांब हं, तुला चित्र दाखवते. जाऊ नकोस."

लेक पळाली. पडद्यावर रिकामी खुर्ची उरली. मग धप्पकन आवाज झाला. आधी भिंतीपलीकडून आला, आणि क्षणभराने तोच फोनमधून. पाठोपाठ रडणं, तेही दोनदा.

आई हातातल्या फोनसकट दार उघडून धावली. लेक टेबलाच्या पायाशी बसली होती. गुडघा खरचटून रक्त आलं होतं. आई उकिडवी बसली, हात पसरले.

"ये, राणी. बघू."

लेकीने तिच्याकडे पाहिलं. हुंदका गिळला. मग लंगडत तिच्या बाजूने पुढे गेली, खुर्चीवर चढली आणि टेबलावरच्या फोनसमोर गुडघा धरला.

"आई, बघ ना. लागलं मला."

स्वयंपाकघराच्या दारात नणंद पदराला हात पुसत आली होती.

आई तशीच बसून होती. तिच्या हातातल्या फोनवर तो गुडघा पडदाभर दिसत होता. तिने फोन तोंडाजवळ नेला आणि त्यावर हलकेच फुंकर घातली.