मूळ कक्षा

तेराव्याला सगळे आपल्या माणसाचा अणू मोकळा करतात. सुलभाताईंनी तीन वर्षं तो केलाच नव्हता. नवऱ्याच्या घामातला सोडियमचा तो एक अणू काचेच्या कुपीत होता, आणि त्याचा सगळ्यात बाहेरचा, एकटा इलेक्ट्रॉन यंत्राने वरच्या कक्षेत धरून ठेवला होता.

"खाली आला की संपला का गं तो?" त्यांनी अणू जपणाऱ्या केंद्रातल्या मेधाला विचारलं.

"नाही काकू. थोडा उजेड देतो आणि आपल्या मूळ कक्षेत येतो. तिथे त्याला कुणी धरून ठेवावं लागत नाही."

नवरा चाळीस वर्षं जहाजावर होता. सुलभाताईंना त्याची वाट पाहत बंदरावर घालवलेल्या संध्याकाळी आठवल्या.

"मग येऊ दे त्यांना घरी."

मेधाने बटण दाबलं. कुपीत क्षणभर पिवळा उजेड पडला, आणि सुलभाताईंनी सवयीने पदर सारखा केला.