बेल्टनंतरचं काम

दुपारी सव्वाबाराला कल्याणच्या हॉस्पिटलात कलावतीबाईंना ऑपरेशनसाठी आत नेलं. बाहेर मुलगा सुदेश थांबला होता. मुलगी हेमा डोंबिवलीत, मानपाडा रोडवरच्या घरी, वडिलांजवळ होती. पित्ताशयातले खडे काढायचे होते. तासाभराचं काम, असं डॉक्टर म्हणाले होते.

दीड वाजून गेला. फोन आला नाही.

हेमाने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि वडिलांचा वॉकमन त्यावर ठेवला. दौलतरावांनी उमेदीची सगळी वर्षं ज्या कारखान्यात काढली, तिथेच तो तयार झालेला. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा निघताना प्रत्येकाच्या हातात एकेक दिला होता. आतला रबरी बेल्ट कधीच विरघळून गेला होता. हेमाने नवा बेल्ट ऑनलाइन मागवला होता आणि ठाण्याहून येताना पर्समध्ये टाकून आणला होता. आज बाबांच्या हाताला काहीतरी काम हवं, एवढाच हेतू. खरं तर तिलाच काहीतरी बघत बसायला हवं होतं.

"जमेल ना, बाबा?"

"हे?" दौलतरावांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. "झोपेत करीन."

मागचं झाकण निघालं. जुना बेल्ट डांबरासारखा चाकांना चिकटला होता. त्यांनी कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवली आणि खाचा पुसायला घेतल्या. घाई नाही, चुळबुळ नाही. हेमाचा एक डोळा त्यांच्या बोटांवर होता, एक फोनवर.

ऑपरेशनची तारीख तिनेच हट्ट धरून ठरवली होती. आई टाळत होती. गणपती होऊन जाऊ देत, दिवाळी होऊन जाऊ दे. रात्र रात्र पोट धरून बसायची, पण विचारलं की एकच पालुपद, "यांना टाकून कशी जाऊ?" शेवटी हेमा चिडली. "बाबा काय कुक्कुलं बाळ आहेत का? दोन-चार दिवस मी बघेन." त्यावर आई तयार झाली. आज सकाळी रिक्षात बसताना मात्र तिने हेमाचा हात घट्ट धरला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं. सुदेशने घाई केली आणि रिक्षा सुटली.

दौलतरावांनी चिमट्याने नवा बेल्ट धरला. आधी मोटरच्या छोट्या चाकावर, मग ताण देऊन मोठ्या चाकावर चढवला. बोटाने फिरवून पाहिलं. चाक आवाज न करता फिरलं. एवढं बारीक काम, पण हात थरथरला नाही. सकाळपासून पहिल्यांदाच हेमाचा जीव भांड्यात पडला. आई उगीच काळजी करते, तिला वाटलं.

मग दौलतरावांनी वॉकमन उचलला, उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"झाकण लावा की."

"ते माझं नाही."

"मग कोणाचं?"

"कलावतीचं. मी बेल्ट चढवायचा, तिने झाकण आवळायचं."

हेमाला हसू आलं. आईबाबांचं लग्न कारखान्यात एका बाकावर शेजारी बसून काम करतानाच जमलं होतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. "आज तुम्हीच लावा. सुपरवायझर काही म्हणणार नाही."

त्यांनी झाकण हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. मघाशी स्वतः काढलेल्या स्क्रूंकडे पाहिलं, पण ते उचलले नाहीत. झाकण खाली ठेवलं.

"येईल ती. कॅन्टीनला गेली की बसते कोणाशी तरी बोलत."

हेमाचं हसू तोंडावरच राहिलं. "बाबा, आई कुठेय?"

"सांगितलं ना, कॅन्टीनला." आवाजात किंचित वैताग होता. "कामाची लाइन अडलीय इथे."

हेमा त्यांच्याकडे बघत राहिली. बाबा शर्ट अंगात घालायचे, बटणं आई लावायची. बाबा पातेल्यात पाणी ओतायचे, गॅस आई पेटवायची. गोळ्यांची पट्टी ते काढून ठेवायचे, त्यातली नेमकी गोळी ती हातावर ठेवायची. फोनवर ते "काय म्हणतेस?" विचारायचे आणि पुढच्या वाक्याला फोन आईकडे गेलेला असायचा. आईने यांना लाडावून ठेवलंय, असं सगळे म्हणायचे. हेमाही म्हणायची. तिचे सासरेही तसेच, मामाही तसेच. त्या पिढीचे नवरे असेच असतात, म्हणून कोणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नव्हतं. बाबांचं हे विसरणं आई कधीपासून झाकतेय, ते आता फक्त तिलाच विचारता येणार होतं.

फोन वाजला.

"अजून आतच आहे गं," सुदेश म्हणाला. "दुर्बिणीतून होत नाहीये, पोट उघडावं लागलं म्हणतात. रक्त मागवलंय."

"सिरियस आहे का रे?"

"कोणी नीट बोलत नाहीये." त्याने विषय बदलला. "बाबा काय करतायत?"

हेमाने पाहिलं. दौलतराव दाराकडे बघत होते.

"आईची वाट बघतायत."

"त्यांना इतक्यात काही सांगू नकोस."

"नाही सांगत."

तीन वाजता सुदेशचा पुन्हा फोन आला. कलावतीबाईंना अजून बाहेर आणलेलं नव्हतं.