जड सायकल

“आय, उचलून तरी बघ गो. पिसासारखी आहे.”

कॉन्सेप्टाने सायकलीला हात लावला नाही. अंधेरीच्या बाजारातलं सीतारामशेठचं दुकान जुन्या सायकलींनी खच्चून भरलेलं होतं, आणि त्यात तिच्या पोराला नेमकी हीच सापडली होती. लाल रंग, बोटाएवढे बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल.

“शर्यतीला हीच बरी,” सीतारामशेठ म्हणाला. “पहिलीच ना रे तुझी?”

“पहिलीच. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. मध्ये दम खायचा नाही. ट्रायथलॉन म्हणतात.”

“एकाच माणसाने तिन्ही? खुळे रे तुम्ही!”

इसिडोर हसला आणि चक्कर मारायला सायकल घेऊन बाहेर पडला. एक रिक्षा आणि बस यांच्या फटीतून तो सुळकन निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत कॉन्सेप्टा दारातून हलली नाही.

तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा पास्कल असाच सायकलवर टांग टाकून कामाला निघाला होता. वर्सोव्याच्या बाजूला तेव्हा नव्या इमारतींची कामं जोरात होती, रेतीचे ट्रक दिवसभर धावत. त्यातल्या एकाने त्याला वळणावर उडवलं. हॉस्पिटलात तिला नवऱ्याचा फक्त हात दाखवला. अंगठी ओळखायला.

तेव्हापासून तिने रस्त्याची धास्ती घेतली होती. समुद्राचं तसं नव्हतं. हा पोर चालायच्या आधी पोहायला शिकला, असं वर्सोव्यातले शेजारी थट्टेने म्हणत. पण त्या शर्यतीत पोहणं थोडं आणि रस्ता फार.

नको म्हणायचीही सोय नव्हती. शर्यत भरवणाऱ्या जिमखान्याचे साहेब त्याला म्हणाले होते, पहिल्या पाचांत ये, तरणतलावावर कायमचा नोकरीला लावून घेतो. बारावीनंतर घरी बसलेल्या, बाप गेल्यापासून हसणं विसरलेल्या पोराच्या तोंडावर त्या दिवशी उजेड आला होता.

“शेठ,” ती घाईघाईने म्हणाली, “त्याला सांगा, ही विकली गेली.”

“अहो बाई, त्याला नंबर काढायचाय. जड सायकलीवर कसा निघणार?”

“माझा नवरा सायकलवरून गेला, शेठ. एवढं करा.”

सीतारामशेठने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

इसिडोर परत आला तो फुलून. शेठने त्याच्या नजरेला नजर न देता सांगितलं, “माफ कर रे. हिचा सौदा माझ्या भावाने सकाळीच केलाय. मला आत्ता कळलं.”

पोराचा चेहरा उतरला. कॉन्सेप्टा पुढे झाली. तिने सगळ्या सायकली दाबून, हलवून पाहिल्या आणि एक काळी, रुंद टायरांची, दूधवाल्याकडे असते तशी सायकल निवडली. “हिचे ब्रेक बघ कसे कच्चकन लागतात.”

“आय, ही तर म्हैस आहे!”

“म्हैस लाथ मारत नाही.”

घरी आल्यावर त्याने तिचा कॅरियर काढला, मडगार्ड काढले. तरी ती म्हैस ती म्हैसच. तो रोज पहाटे ती रेटत जायचा आणि धापा टाकत यायचा. चिडेल, भांडेल, शर्यतच सोडेल, असं कॉन्सेप्टाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. एकदा मात्र जेवताजेवता म्हणाला, “तू नको काळजी करू. मी करतो बरोबर.” तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

शर्यतीच्या सकाळी ती किनाऱ्यावर गेलीच नाही. पास्कल गेला त्या वळणावर जाऊन उभी राहिली. जिमखान्याचा एक माणूस तिथे झेंडी घेऊन उभा होता.

पहिला सायकलवाला आला. ओले केस, बारीक टायर. वळणावर तो इतका तिरका झाला की कॉन्सेप्टाने डोळे मिटून घेतले. मग दुसरा, मग तिघे एकदम. मागून एक ट्रक हॉर्न मारत गेला. तिच्या ओठांवर प्रार्थना चालूच होती.

“तुमचा कोण?” झेंडीवाल्याने विचारलं.

“येईल. काळ्या सायकलवाला. सावकाश येईल.”

घोळके गेले, एकटेदुकटे गेले. इसिडोर आला नाही. जसजसा उशीर होत गेला तसतसा तिचा जीव भांड्यात पडत गेला. म्हैस आपलं काम करत होती. घाई नाही, चढाओढ नाही. नोकरी दुसरी मिळेल. पोर मागे राहिला तर राहू दे, घरी तर येईल. ती झेंडीवाल्याकडे पाहून चक्क हसली.

“शेवटचाच दिसतोय तुमचा,” तो म्हणाला.

“असू दे. शेवटचा तर शेवटचा.”

तेवढ्यात लांबून ती काळी सायकल दिसली. तिचा तो बसका आकार कॉन्सेप्टाने लगेच ओळखला. तिने दोन्ही हात वर केले आणि टाळ्या वाजवत ओरडली, “सावकाश रे, सावकाश!”

सायकल जवळ आली. वर इसिडोरचा मित्र डेनिस होता. किनाऱ्यावर सायकल सांभाळायला इसिडोरने त्यालाच उभं केलं होतं. त्याने सायकल तशीच रस्त्यावर टाकली.

“मावशी, चल. लवकर चल.”

“इसिडोर कुठे?”

“पाण्यात सगळ्यांच्या पुढे होता गो. वेड्यासारखे हात मारत होता. वळसा घालून किनाऱ्याकडे फिरला आणि एकदम दिसेनासा झाला. होड्या शोधतायत, अजून...”

“खोटं,” कॉन्सेप्टा म्हणाली. “पाण्यात कसली घाई त्याला? पाण्यात तो कधी घाई करत नाही.”

डेनिस रडायला लागला.

“लाल सायकल दुसऱ्याच दिवशी दुकानात टांगलेली बघितली होती त्याने, मावशी. मला म्हणाला, आय घाबरते रे, तिला काही बोलू नकोस. रस्त्यावर जेवढा मागे पडेन, तेवढं मी पाण्यात भरून काढीन.”