वळणावरचे दगड

चाक बदलून टेम्पो घाटात तीन वळणं खाली आणला, तेव्हा मला दगड आठवले. गाडी बंद आहे हे मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून वळणावर मांडलेले चार मोठे दगड मी तसेच रस्त्यात सोडून आलो होतो.

बायको मेहुण्याच्या जीपमधून मागून येत होती. फोन लावला.

"अहो, धुकं लई आहे, पण आलोच," ती म्हणाली.

"त्याला थांबव! वळणावर—" रेंज गेली.

टेम्पो वळवायला जागा नव्हती. मी चढावर पळत सुटलो. मेहुणा दर वळणाला हॉर्न द्यायचाच. पहिला लांबून आला. दुसरा जवळून. "थांब रे!" मी ओरडलो, पण आवाज धुक्यातच जिरला.

तिसरा हॉर्न दगडांच्या वळणावर वाजला आणि वाजतच राहिला.