मागणी मान्य

"आता या गल्लीत एक टिकाव जरी पडला, तर तो माझ्या मढ्यावर पडेल," असं जाहीर करून पुना नाना भुयारी गटारीच्या दहा फूट चरात उतरले. खरं म्हणजे घसरले. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठ महिने गल्ली खोदून पडली होती. नानांच्या बायकोला, सोनीबाईंना, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जळगावला न्यावं लागे. ॲम्ब्युलन्स कोपऱ्यावरच थांबे. मग नाना आणि तिघे शेजारी त्यांना बाजेवर घालून चराच्या कडेकडेने तिथवर नेत. "जित्ती शे तरी चौघांच्या खांदावर जास मी," त्या म्हणत.

दुपारी नगरपालिकेच्या साहेबांनी मागणी जशीच्या तशी मान्य केली. काम बंद. जेसीबी निघालं, त्यामागे गुलाल उधळत गल्ली निघाली. चर उघडाच राहिला. तेवढ्यात कोपऱ्यावर ॲम्ब्युलन्स आली. बाजेपाशी तिघे शेजारी येऊन थांबले.



नानांनी चरातूनच साहेबांना फोन लावला, "साहेब, ते जेसीबी पाच मिनिटं माघारी पाठवता का? हिचा चौथा खांदा खाली अडकलाय."