ग्राहकाची खुर्ची

वीज आयोगाच्या सुनावणीत 'ग्राहक' अशी पाटी असलेल्या खुर्चीवर अकरा वर्षं एक पेटी ठेवलेली असे. देशातल्या सगळ्या मीटरांची सरासरी काढून ती ग्राहकाच्या वतीनं बोलायची आणि तिच्या होकारानं नियम ठरायचे.

"पहाटे तीन ते सहा घरगुती वीज बंद ठेवावी, असा प्रस्ताव आहे," अध्यक्ष म्हणाले. "ग्राहकाची हरकत?"

"हरकत नाही," पेटी म्हणाली. "त्या वेळी ग्राहक झोपलेला असतो."

मागच्या बाकावर बसलेल्या नागव्वा बिराजदारांचं डोकं सणकलं. सोलापुरात त्यांच्या गल्लीतल्या चाळीस बाया विकायच्या भाकऱ्यांसाठी पहाटे तीनलाच विजेच्या शेगड्या पेटवत. तेव्हा भाजलेली भाकरी दिवसभर उन्हात वाळली, तरच कडक होते.

नागव्वा उभ्या राहिल्या. "मी ग्राहक आहे, साहेब. माझी हरकत आहे."

"मावशी, तुम्हाला सरासरीत धरलंय," कारकून म्हणाला.

"धरलंय, पण झोपलेली धरलंय की वो."

त्या तडक पुढे गेल्या, दोन्ही हातांनी पेटी उचलून खाली फरशीवर ठेवली, आणि पदर खोचून खुर्चीत बसल्या. कारकून धावत आला.

"अहो, उठा. ती खुर्ची ग्राहकाची आहे."

"म्हणूनच बसलेय." नागव्वांनी पिशवीतली कडक भाकरी काढली आणि अध्यक्षांसमोरच्या टेबलावर कडकन मोडली. "हं साहेब, आता विचारा परत."