दोन महिने आधीची खंडेनवमी

दगडखाणीतलं यंत्र त्या दिवशी होणाऱ्या जखमा सकाळीच सांगायचं आणि रत्नमाला त्याप्रमाणे प्रथमोपचाराची पेटी भरायची. आज यादीत होतं : रक्त थांबवायचे दोन पट्टे, बी निगेटिव्ह रक्ताच्या चार पिशव्या. खाणीत त्या गटाचा एकटाच माणूस होता, तिचा नवरा तुळशीराम.

पेटी अर्धवट टाकून ती धावली. तिने त्याच्या ड्रिलला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

"आज खंडेनवमी! अवजाराला कुणी हात लावायचा नाही!"

"अहो वहिनी, खंडेनवमीला अजून दोन महिने आहेत," मुकादम ओरडला.

"पुजलेलं अवजार चालवता? चालवा बघू!"

कुणीच पुढे झालं नाही. तुळशीरामही नाही.

यंत्राने नवी यादी काढली : छोटी पट्टी, एक.

करवंटीने कापलेलं स्वतःचं बोट तोंडात धरून रत्नमाला मटकन खाली बसली आणि हसत सुटली.